पारंब्या किती ठेवायच्या?

वडोदऱ्यातील दांडिया बाजारातल्या या खोलीत टेबलावर पसरलेल्या जर्सीवर वडाचे झाड आहे, हे मुद्दाम सांगावे लागते. कारण छातीवरच्या सात सेंटिमीटर जागेत भरतकामाच्या दोऱ्याने सगळ्या पारंब्या एकमेकींत बुजवून टाकल्या असून उरला आहे तो एक हिरवा गोळा. शहरातील एका मराठी मंडळाच्या खो-खो संघाने गेला हंगाम याच जर्सीवर काढला. आता ते बोधचिन्ह नव्याने करून घेण्यासाठी मंडळाचे कार्यवाह येथे आले आहेत.

वडोदरा हे नावच वडावरून आलेले, तेव्हा संस्थेला वड हवा असावा यात नवल नाही. चिन्हाची जाण या शहराला जुनीच आहे. ‘जीन घर जीन तख्त’, म्हणजे खोगीर हेच घर आणि खोगीर हेच सिंहासन, हे गायकवाडांचे ब्रीद. घोड्याच्या पाठीवर राज्य मिळवलेल्या घराण्याची ओळख याहून थोडक्यात सांगता आली नसती. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन सुरू केले आणि 1908 मध्ये बँक ऑफ बडोदा स्थापन केली. त्या बँकेने 2005 मध्ये स्वीकारलेल्या शेंदरी सूर्यात दोन रोमन ‘बी’ अक्षरे आहेत, जी अनेकांना कोणी दाखवल्यावरच दिसतात.

या खोलीतली संकल्पनकार महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विभागात उपयोजित कला शिकली. रंगाचा विचार ती सर्वांत शेवटी करते. प्रत्येक कच्चे रेखाटन ती आधी दीड सेंटिमीटर रुंदीत, निव्वळ काळ्या शाईत छापून पाहते. कारण मंडळाचे चिन्ह सर्वाधिक वेळा उमटते ते वर्गणीच्या पावतीवर, झिजलेल्या रबरी शिक्क्याने. भरतकामाच्या यंत्राला साधारण एक मिलिमीटरहून बारीक रेघ नीट पेलत नाही. जुन्या चित्रात अकरा पारंब्या होत्या, तिने तीन ठेवल्या.

“तीनच? मग हा वड कशावरून?” कार्यवाहांनी विचारले.

आक्षेप रास्त होता. तिने पारंब्या वाढवल्या नाहीत; त्या जमिनीपर्यंत नेऊन खोडाइतक्या जाड केल्या आणि फांद्यांचा पसारा उंचीपेक्षा रुंद केला. जुना वड प्रत्यक्षातही असाच ओळखू येतो.

खरी कसोटी लागली ती अक्षरांची. मंडळाचे नाव फलकावर देवनागरीत आणि गुजरातीत शेजारी-शेजारी हवे होते. देवनागरीला शिरोरेषा आहे, गुजरातीला नाही. त्यामुळे एकाच मापात लिहिले तरी देवनागरी नाव ठळक पट्ट्यासारखे पुढे येते आणि गुजराती नाव सुटे, हलके वाटते. ‘हिंद’ या देवनागरी टंकाचा (फॉन्टचा) ‘हिंद वडोदरा’ हा गुजराती भाऊ मोफत मिळतो आणि दोघांच्या रेघांचा जाडपणा जुळवलेला आहे, म्हणून तिने सुरुवात तेथून केली. मग शिरोरेषा किंचित बारीक केली आणि गुजराती अक्षरांमधले अंतर थोडे आवळले.

एवढे होऊनही एका ज्येष्ठ सभासदांनी चष्मा वर करून नावातल्या एका अक्षरावर बोट ठेवले. “अगं, हा ल आपला नाही, हिंदीतला आहे.” अनेक टंकांत ‘ल’ आणि ‘श’ मूळ हिंदी वळणाचेच असतात, मराठी वळण वेगळे निवडावे लागते, आणि टंकात ते नसेल तर हाताने काढावे लागते. तिने ते हातानेच काढले. बडोद्यात राहून मराठी टिकवलेल्या माणसांना हा फरक बारीकसा वाटणे शक्यच नव्हते.

छापखान्याने नेहमीप्रमाणे सीडीआर (कोरलड्रॉ या चित्रप्रणालीची) फाइल मागितली आहे, भरतकामवाल्यासाठी एकरंगी प्रत वेगळी काढली आहे. कार्यवाह मात्र नव्या शिक्क्यावर शाई लावून जुन्या पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या पानावर तो पुन्हा पुन्हा उमटवत आहेत, आणि प्रत्येक ठशातल्या पारंब्या मोजत आहेत.