मध खा, पण चमचा मोजून

सकाळी आपल्या पुण्यातली पर्वती नाहीतर तळजाई टेकडी फिरून आलं की घरी आल्या आल्या कोमट पाणी, अर्धं लिंबू आणि चमचाभर मध, असं इथे बसलेल्यांपैकी कितीजण करतात? बघा, निम्मे हात वर आहेत. चालू द्या, त्यात वाईट काही नाही. फक्त त्या पाण्यानं चरबी वितळते असं कोणी सांगत असेल तर तसं होत नाही, वजन कमी झालंच तर ते टेकडी चढलात म्हणून आणि सकाळचा साखरेचा चहा सुटला म्हणून.

मी आहारतज्ज्ञ आहे आणि मध मला मनापासून आवडतो, हे आधीच सांगते. पण माझ्याकडे एक काका आले होते, डायबेटीसचे, साखर पूर्ण बंद केलेली, पथ्य अगदी काटेकोर पाळणारे, आणि तरी तीन महिन्यांच्या शुगरचा आकडा वाढलेला. रोजचं खाणं लिहून काढायला लावलं तेव्हा कळलं की दिवसाला सहा-सात चमचे मध जातोय, दुधात, पोळीवर, रात्री झोपताना परत एक, कारण त्यांना कोणीतरी सांगितलेलं की मध नॅचरल आहे, मधानं शुगर वाढत नाही. इतकं मन मारून पथ्य करणाऱ्या माणसाला अशी चुकीची माहिती मिळते याचा मला खरंच राग येतो.

मधात साधारण ८० टक्के साखरच असते, फ्रुक्टोज आणि ग्लुकोज, आणि १७-१८ टक्के पाणी. शंभर ग्रॅम मधात ३०० च्या आसपास कॅलरी, साखरेत ४०० च्या जवळ, म्हणजे वजनावर बघितलं तर मध हलका. पण आपण घरी वजनावर थोडंच घेतो, चमच्यानं घेतो, आणि मध जड असतो, त्यामुळे चहाच्या एका चमच्यात साखर ४-५ ग्रॅम मावते तर मध ७ ग्रॅम, कॅलरी २०-२१. चमच्याला चमचा बदललात तर काहीच वाचलं नाही. फायदा कधी, तर फ्रुक्टोजमुळे मध जास्त गोड लागतो म्हणून जिथे एक चमचा साखर घालत होतात तिथे अर्ध्या चमच्या मधावर भागवलंत तर. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा मधातली साखर वरून घातलेल्या साखरेतच मोजते, आणि ही सगळी मिळून दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम असं म्हणते.

मग मधात चांगलं काय? खोकला! सर्दीनंतरचा जो कोरडा खोकला मुलांना रात्री झोपू देत नाही, त्याला झोपताना एक चमचा मध, हा आज्जीचा उपाय तपासण्यांमध्ये टिकलाय, ब्रिटनमध्ये उपचारांचे सल्ले ठरवणाऱ्या नाइस या संस्थेनं खोकल्याच्या सल्ल्यात मध घातला, कारण असल्या बहुतेक खोकल्यांवर अँटिबायोटिकचा उपयोगच नसतो. शिवाय मधात थोडं आम्ल असतं, त्यात पाणी कमी, आणि मधमाशीच्या एका एन्झाइममुळे पातळ केल्यावर थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, म्हणून जंतू त्यात वाढत नाहीत. जखमेवर लावायचा मध मात्र हॉस्पिटलमध्ये निर्जंतुक केलेला वापरतात, घरची बरणी त्यासाठी नको.

आता जे सांगते ते इथल्या आज्ज्यांनी आणि होऊ घातलेल्या आज्ज्यांनी नीट ऐका. बाळ जन्मलं की त्याला मधाचं बोट चाटवायची आपल्याकडे पद्धत आहे, प्रेमानंच करतात सगळे, माझ्या मुलीच्या वेळी माझ्या सासूबाई वाटी घेऊन उभ्या होत्या आणि त्यांना नाही म्हणताना मला रडू आलं होतं. पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही, बोटभरही नाही. मधात बोट्युलिझम या स्नायू लुळे पाडणाऱ्या आजाराच्या जंतूंची बीजं असू शकतात, मोठ्यांच्या आतड्यात ती रुजत नाहीत, पण बाळाचं आतडं अजून तयार नसतं, तिथे ती रुजतात आणि विष तयार करतात. आधी शी होत नाही, मग रडण्यातला जोर जातो, दूध ओढता येत नाही, मान लुळी पडते. आणि मध शुद्ध असला, गावाकडचा असला, घरी उकळला, तरी ती बीजं मरत नाहीत. सासूबाईंनी शेवटी वाढदिवसापर्यंत वाट बघितली आणि पहिल्या वाढदिवसानंतर स्वतःच्या हातानं चाटवला.

मघाशी एका मावशींनी विचारलं, शुद्ध कसा ओळखायचा. पाण्यात थेंब टाकणं, काडी पेटवून बघणं, यातून काही कळत नाही, कारण भेसळीचा पाकही तसाच दाट असतो. २०२० मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या पर्यावरणावर काम करणाऱ्या संस्थेनं बाजारातले १३ ब्रँड तपासले आणि बहुतेक नमुन्यांत साखरेचा पाक असल्याचं जाहीर केलं, तोही नेहमीच्या टेस्टमधून सुटणारा. त्यामुळे ज्याची मधमाश्यांची पेटी आपल्याला बघता येते अशा माणसाकडून घ्या. आपल्या गणेशखिंड रस्त्यावर १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, तिथे मधमाशीपालन शिकवतात. आणि महाबळेश्वरला गेलात तर मांघरला जा, ते २०२२ पासून मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं. तिकडचा जांभळाचा मध चाखून बघा, गडद, किंचित तुरट, साखरेच्या पाकाला ती चव येतच नाही.

आणि बरणीत मध थिजून दाणेदार झाला तर फेकू नका, भेसळ असेल असंही लगेच समजू नका, ग्लुकोज थंडीत असाच गोठतो. पातेल्यात पाणी कोमट करा, गॅस बंद करा, बरणी त्यात ठेवून द्या, तासाभरात सुटतो. फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही, काचेची बरणी, घट्ट झाकण आणि कोरडा चमचा एवढं बास.