५ सेकंदांचा टाइमआउट, १० मिनिटांची वाट

(पडद्यावर टर्मिनल. कर्सर लुकलुकतोय.)

पायथनच्या या छोट्या प्रोग्रॅमने शेलला, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, एक काम दिलंय: ६०० सेकंद 'स्लीप' (नुसती थांबणारी वेगळी प्रोसेस), मग एक ओळ छाप. टाइमआउट ५ सेकंदांचा. ५ सेकंद होतात, सिगकिल, म्हणजे 'लगेच संप' असा सिग्नल, जातो, शेल संपतो. उरलंसुरलं आउटपुट वाचून घ्यावं म्हणून प्रोग्रॅम पुन्हा पाइपपाशी, म्हणजे शेलचं आउटपुट ज्या वाटेने येतं तिथे, येतो. आणि तिथेच अडकतो.

(दुसऱ्या खिडकीत प्रोसेसची यादी.)

ही ओळ बघा. स्लीप अजून जिवंत आहे. सिगकिल गेला तो फक्त शेलच्या पीआयडीला (प्रोसेसच्या क्रमांकाला), त्याच्या पोराबाळांना नाही. पालक गेल्यावर स्लीप पोरकी झाली, तिच्या पालकाच्या रकान्यात आता १, म्हणजे सिस्टिमची पहिली प्रोसेस, दिसतोय. पण शेलकडून वारशाने आलेलं पाइपचं लिहायचं टोक तिने धरून ठेवलंय. ते एकाही प्रोसेसकडे उघडं असेल, तर वाचणाऱ्याला 'संपलं' असं कळतच नाही. १० मिनिटांनी स्लीप आपणहून उठते, तेव्हा कुठे आपली सुटका होते. ओळ मात्र छापली जात नाही. ती छापणारा शेल केव्हाच गेलाय.

यावर पहिला उपाय म्हणजे चाइल्डला वेगळ्या सेशनमध्ये सुरू करायचं आणि सिग्नल अख्ख्या प्रोसेस ग्रुपला, म्हणजे पोराबाळांसकट सगळ्यांना, द्यायचा. बहुतेक वेळा एवढ्याने भागतं. पण एखाद्या नातवंडाने स्वतःच 'सेटसिड' करून वेगळं सेशन काढलं, की ते ग्रुपमधून निसटलं. लिनक्सवर त्यालाही गाठायचं तर सीग्रुप, म्हणजे कर्नलने (सिस्टिमच्या गाभ्याने) राखलेला प्रोसेसचा गट, हवा. २०२१ च्या ५.१४ कर्नलपासून 'सीग्रुप डॉट किल' या फाइलीत १ लिहिलं की आतलं सगळं एकदम जातं. विंडोजवर हेच काम जॉब ऑब्जेक्ट करतो.

(यादीत एका प्रोसेससमोर 'डी' हे अक्षर.)

या प्रोसेसपुढे मात्र रूटचंही, म्हणजे सर्वाधिकारी यूजरचंही, काही चालत नाही. ती कर्नलच्या आत, डिस्कच्या किंवा हरवलेल्या नेटवर्क ड्राइव्हच्या उत्तराची वाट बघतेय. सिगकिल पोचलाय, पण ती त्या झोपेतून उठल्याशिवाय तो लागू होत नाही. २००८ च्या २.६.२५ कर्नलने अशा काही झोपा सिगकिलने मोडण्याची सोय केली. काहीच, सगळ्या नाहीत.

मला सर्वात जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या मशीनवर चाललेल्या कामाची. पोस्टग्रेस या डेटाबेसवर एक जड क्वेरी सोडलीय आणि टाइमआउटने ती सोडणारा क्लायंट मारला. आपल्या लॉगमध्ये 'वेळ संपली' अशी नोंद झाली. सर्व्हरला याचा पत्ताच नाही. क्लायंटला काही पाठवायची वेळ येईपर्यंत तो क्वेरी चालवत राहतो. तेवढ्यात आपला प्रोग्रॅम 'पुन्हा प्रयत्न करू' म्हणत तीच क्वेरी दुसऱ्यांदा सोडतो. मग तिसऱ्यांदा. क्लायंट अजून आहे का, हे क्वेरी चालू असताना तपासायची सेटिंग १४ व्या आवृत्तीत आली. तिची मूळ किंमत ० आहे, म्हणजे तपासणी बंद.