आसारो: एका पातेल्यातलं यामचं जेवण

नमस्कार श्रोतेहो. आज ज्या पदार्थाबद्दल बोलायचं आहे त्याला मोहरी-जिऱ्याची फोडणी नाही, हळद नाही, गोडा मसाला तर नाहीच. तरी तो शिजत असला की शेजारी विचारायला येतात, आज काय बेत? पदार्थ नायजेरियातला. योरुबा लोक त्याला आसारो म्हणतात. याम नावाच्या कंदाच्या फोडी, तांबड्या मिरचीचं वाटण, लाल पामतेल आणि सुकी मासळी, सगळं एकाच पातेल्यात.

याम हा आपल्या कोनफळाचा आणि करांद्याचा भाऊबंद, पण अंगापिंडाने दांडगा. हातभर लांब, वरून खोडासारखी खरबरीत साल, आत पांढरा. जगात पिकणाऱ्या यामपैकी निम्म्याहून जास्त एकट्या नायजेरियात पिकतो. बेनुए राज्यातलं झाकी बियाम हे गाव तर यामच्या बाजारासाठीच ओळखलं जातं.

पूर्वेकडच्या इग्बो लोकांत या कंदाचा मान धान्याहून मोठा. जुन्या पद्धतीच्या कोठारात ओळीने खांब उभे करतात आणि त्यांना एकावर एक कंद दोरीने बांधून ठेवतात. ज्याच्या कोठारात खांब जास्त, त्याचा गावात शब्द चालायचा. ऑगस्टच्या सुमारास नव्या यामचा सण येतो, त्याला इरी जी म्हणतात. गावचा राजा किंवा सगळ्यांत वडीलधारा माणूस पहिला घास घेतो. परंपरा पाळणाऱ्या घरात तोवर नवा याम चुलीवर चढत नाही. कोकणातल्या नव्याच्या पुनवेची आठवण व्हावी असंच हे.

नवा-जुना हा फरक स्वयंपाकातही पाळावा लागतो. नव्या यामात पाणी जास्त, म्हणून पातेल्यात पाणी हात राखून घालायचं. साठवणीतला जुना याम कोरडा आणि पिठूळ, तो पाणी पितो. पाककृतीत लिहिलेल्या मापावर फार विसंबू नका, कंद हातात घेऊन बघा. दोन्ही टोकं दाबायची. मऊ लागली तर आतून सडलेला असण्याची शक्यता असते.

आता करायला घेऊ. चार माणसांना साधारण एक किलो याम. कच्च्या यामने हात खाजतात, तेव्हा आधी तळहाताला तेल चोळा. आधी चकत्या करा, मग प्रत्येक चकतीची साल जाडसर काढा. अख्खा कंद सोलायला गेलात तर तो हातातून निसटतो. फोडी मोठ्या ठेवा आणि लगेच पाण्यात टाका, नाहीतर काळ्या पडतात.

वाटणासाठी दोन तांबड्या ढोबळ्या मिरच्या, दोन टोमॅटो, एक कांदा आणि तिखट मिरची. तिकडे ‘आता रोडो’ अशा नावाची बुटकी, गोलसर मिरची घालतात. ती भयंकर तिखट असते, पण तिला फळासारखा वास असतो. इथे आपली लवंगी चालेल, तिखटपणा येईल, तो वास मात्र येणार नाही.

तेलाबद्दल जरा थांबून सांगते. आपल्या किराणा दुकानातलं पामतेल शुद्ध करताना त्याचा रंग काढून टाकलेला असतो. आसारोला लागतं ते केशरी-लाल, गारठ्यात थिजणारं कच्चं तेल. गाजराला ज्या द्रव्याने रंग येतो तेच त्यातही असतं. न मिळाल्यास शेंगदाण्याचं तेल घाला. पदार्थ चांगला होतो, फक्त त्याला आसारो म्हणायला माझी जीभ जरा अडखळते.

यामच्या फोडी जेमतेम बुडतील इतकंच पाणी, थोडं मीठ, दहा मिनिटं उकळी. मग वाटण, अर्धी वाटी तेल, चिरलेला कांदा आणि दोन चमचे सुक्या कोळंबीची पूड. आपल्याकडचा जवळा नीट निवडून, भाजून, कुटून घेतला तरी काम होतं. धुरावलेल्या माशाचे तुकडे काटे काढून टाका. मसाल्याची वडी नायजेरियात बहुतेक घरांत पडतेच, पण एकीच्या वर घालू नका, नुसती खारट चव पुढे येते. शाकाहारी मंडळींनी मासळी वगळून कांदा वाढवावा.

यानंतर झाकण ठेवायचं, आच मंद करायची आणि डाव बाजूला ठेवायचा. आधीच ढवळलं तर फोडींच्या कडा तुटतात आणि गाभा कच्चा राहतो. पंधरा-वीस मिनिटांनी सुरी सहज आत गेली, की लाकडी डावाने साधारण तिसरा हिस्सा पातेल्यातच ठेचा. त्या ठेचलेल्या यामनेच रस्सा दाट होतो, दुसरं काही लावावं लागत नाही. काही घरांत सगळंच घोटून मऊ करतात. मला मात्र घासागणिक एखादी अख्खी फोड दाताखाली यायला हवी. कुकरच्या मोहात पडू नका, शिजतंय कसं ते दिसतच नाही.

शेवटी मूठभर चिरलेली पालेभाजी. तिकडे उगू नावाच्या भोपळ्याच्या वेलाची पानं घालतात, इथे लाल भोपळ्याची कोवळी पानं किंवा पालक. दोन मिनिटांत गॅस बंद.

इथे सुरण वापरू नका, त्याचं कूळ वेगळं. पांढऱ्या गराचं कोनफळ मिळालं तर तेच घ्या. जांभळं घेतलंत तर चव जमेल, पण लाल रंगाचा विचका होईल.

सोबत पोळी-भात काही लागत नाही. पिकलेल्या मोठ्या केळ्याचे तळलेले काप मात्र हवेत, त्यांना तिकडे डोडो म्हणतात. उरलेला आसारो दुसऱ्या दिवशी घट्ट होऊन बसतो. गरम पाण्याचा हबका मारून मंद आचेवर ठेवा, आणि तळाला लागेल तेवढं खुशाल लागू द्या. ती खरवड मुलं भांडून खातात. नमस्कार.