सेवा क्लबचे सदस्य होण्याआधी : गेल्या वर्षीच्या प्रकल्पाचे पुढे काय झाले?

नमस्कार. ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्या बहुतेकांनी एखाद्या चौकात, उद्यानात किंवा रुग्णालयाच्या भिंतीवर रोटरीचे दातेरी चाक पाहिलेले असते. जवळच कुठेतरी लायन्स क्लबचा फलकही असतो. हे क्लब कसे चालतात, त्यांचे सदस्य कसे होतात आणि सदस्य होण्यापूर्वी काय तपासावे, याविषयी आज बोलू. उदाहरण प्रामुख्याने रोटरीचे घेतो, कारण मी स्वतः तिथला सदस्य आहे. लायन्सची रचना बरीचशी मिळतीजुळती आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो. 23 फेब्रुवारी 1905 रोजी शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने तीन परिचितांसह पहिली बैठक घेतली. सुरुवातीच्या बैठका आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत होत, त्यावरून रोटरी हे नाव आले. भारतात पहिला क्लब कोलकात्यात 1919 मध्ये निघाला, मुंबईत 1929 मध्ये.

आता रचनेकडे येऊ. भौगोलिक भागानुसार क्लबांचे गट केलेले असतात आणि अशा गटाला डिस्ट्रिक्ट म्हणतात. त्याचा सरकारी जिल्ह्याशी संबंध नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली आणि नवी मुंबईतील क्लब डिस्ट्रिक्ट 3142 मध्ये येतात, तर मुंबईतील क्लब 3141 मध्ये. डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाला गव्हर्नर म्हणतात, पण तो क्लबांचा मालक किंवा वरिष्ठ अधिकारी नसतो. प्रत्येक क्लब स्वतःचे निर्णय स्वतः घेतो. डिस्ट्रिक्टचे काम मार्गदर्शनाचे, प्रशिक्षणाचे आणि क्लबांना एकमेकांशी जोडण्याचे.

या साऱ्या रचनेत सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे ती कालावधीची. रोटरीचे वर्ष 1 जुलैला सुरू होते आणि 30 जूनला संपते. गव्हर्नर एका वर्षासाठी असतो आणि क्लबचा अध्यक्षही साधारणपणे एकाच वर्षासाठी. या नियमाचे मला मनापासून कौतुक वाटते, कारण त्यामुळे कोणाचीही मक्तेदारी तयार होत नाही, नव्या माणसाला संधी मिळते आणि बोलायला बुजणारा एखादा सदस्य वर्षभरात सभा चालवायला शिकतो. मात्र समाजाच्या गरजा काही 30 जूनला संपत नाहीत. सेवा क्लबांच्या कामातील बहुतेक यश आणि बहुतेक अपयश मला तरी या एका विसंगतीत दिसते.

शहापूर तालुक्याचे उदाहरण घ्या. भातसा, तानसा आणि वैतरणेच्या धरणांचे पाणी मुंबई-ठाण्याच्या नळांना येते, आणि त्याच परिसरातील कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा पाड्यांवर जाऊन वनराई बंधारे बांधणे हे आपल्याकडील क्लबांचे आवडते काम आहे आणि ते चांगलेच काम आहे. पाऊस ओसरल्यावर, ओढा अजून वाहता असतानाच सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून हा बंधारा रचतात. खर्च अगदी थोडा असतो, श्रमदान गावकऱ्यांचे आणि सदस्यांचे मिळून असते आणि अडलेले पाणी पुढचे काही महिने जनावरांना, भाजीपाल्याला आणि आसपासच्या विहिरींना उपयोगी पडते. परंतु पुढच्या पावसाळ्यात तो वाहून जातो, म्हणजे दर वर्षी नव्याने बांधावा लागतो. आणि नेमकी ती वेळ येते तेव्हा क्लबमध्ये अध्यक्ष बदललेला असतो. नव्या अध्यक्षाला स्वतःच्या नावाचा नवा प्रकल्प हवा असेल, तर त्या पाड्यावर पुन्हा कोणी फिरकत नाही. याउलट, बंधाऱ्याची जबाबदारी एखाद्या समितीकडे तीन-चार वर्षांसाठी सोपवलेली असेल आणि पाड्यावरच्या तरुणांना सोबत घेतले असेल, तर अध्यक्ष कोणीही असो, ऑक्टोबर आला की गोण्या भरल्या जातात.

क्लबांनी रुग्णालयांना दिलेल्या डायलिसिस यंत्रांचेही तसेच आहे. यंत्र देण्याच्या समारंभाला छायाचित्रे निघतात, परंतु रुग्णाला आठवड्यातून दोन-तीनदा यावे लागते आणि प्रत्येक वेळी डायलायझर (रक्त गाळणारा भाग), नळ्या, शुद्ध पाणी आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतो. हा चालू खर्च कोण उचलणार, हे आधी ठरवलेले नसेल तर यंत्र देऊन फारसे काही साधत नाही.

रक्तदान शिबिरांच्या बाबतीत डिस्ट्रिक्टची खरी उपयुक्तता दिसते. दान केलेले रक्त गोठवून ठेवतात आणि ते कायम टिकते, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात रक्त सहसा गोठवले जात नाही; तांबड्या पेशी शीतपेटीत पद्धतीनुसार 35 ते 42 दिवस टिकतात आणि प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. एकदा रक्त दिल्यावर पुरुषाला तीन महिने आणि स्त्रीला चार महिने थांबावे लागते. अशा स्थितीत साऱ्या क्लबांनी 15 ऑगस्टच्या आठवड्यातच शिबिरे घेतली, तर तेव्हा साठा उतू जातो आणि मे महिन्यात, महाविद्यालये बंद असताना व निम्मे ठाणे गावी गेलेले असताना, रुग्णांचे नातेवाईक रक्तदाता शोधत फिरतात. एकट्या क्लबला हे सुधारता येत नाही. शेजारच्या क्लबांनी रक्तपेढ्यांशी बोलून वर्षभराचे वेळापत्रक वाटून घेतले, तर सुधारता येते. त्यासाठी नवीन पैसा लागत नाही, काही दूरध्वनी आणि थोडा समजूतदारपणा लागतो.

एका वर्षाच्या पदांमधूनही दीर्घ काम होऊ शकते, याचा पुरावा रोटरीनेच दिलेला आहे. पोलिओविरुद्धचा पोलिओप्लस हा कार्यक्रम रोटरीने 1985 मध्ये जाहीर केला. भारतातील नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला आणि मार्च 2014 मध्ये भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. या काळात अध्यक्ष आणि गव्हर्नर दर वर्षी बदलत राहिले, पण कार्यक्रम तोच राहिला आणि शासन, जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्यासोबत तो चालत राहिला. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर बसलेले सदस्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. त्या कामाविषयी मला आजही नितांत आदर वाटतो.

सदस्यत्वाविषयी आता सविस्तर सांगतो. प्रवेश बहुधा निमंत्रणाने होतो: एखादा सदस्य तुमचे नाव सुचवतो, तुम्ही काही सभांना पाहुणे म्हणून येता आणि संचालक मंडळ निर्णय घेते. कोणी ओळखीचे नसेल तर थेट क्लबच्या सचिवाला विचारले तरी चालते; त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. स्त्रियांना आज पूर्ण सदस्यत्व आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1987 मधील निकालानंतर रोटरीने 1989 मध्ये जगभरासाठी आपला नियम बदलला. अठरा वर्षांवरील तरुणांसाठी रोटरॅक्ट आहे, शाळकरी मुलांसाठी बारा वर्षांपासून इंटरॅक्ट आहे. नवी मुंबईसारख्या शहरात, जिथे बहुतेक कुटुंबे दुसरीकडून येऊन स्थिरावली आहेत, ओळखीपाळखी वाढवण्याचा हा एक सरळ मार्ग आहे आणि तो हेतू मनात असणे मुळीच कमीपणाचे नाही.

वर्गणी तीन थरांत जाते: आंतरराष्ट्रीय संघटनेला, डिस्ट्रिक्टला आणि स्वतःच्या क्लबला. आंतरराष्ट्रीय वाटा डॉलरमध्ये ठरतो आणि 1 जुलै व 1 जानेवारी रोजी जितके सदस्य नोंदलेले असतील त्यानुसार आकारला जातो. सभेतील जेवणाचा खर्च, सहली आणि पदग्रहण समारंभ यांचे पैसे त्यावर वेगळे लागू शकतात, म्हणून वर्षाचा एकूण खर्च आधीच स्पष्ट विचारून घ्यावा. सेवेसाठी जमवलेला पैसा आणि जेवणावळींचा पैसा वेगळ्या खात्यांत आहे का, हेही विचारावे. अनेक क्लबांचा स्वतंत्र नोंदणीकृत न्यास असतो. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी किंवा करसवलतीच्या देणग्या घ्यायच्या असतील तर अशी रीतसर व्यवस्था लागतेच. चांगला क्लब या प्रश्नांना बिचकत नाही.

आणि पाहुणे म्हणून सभेला गेलात की एक प्रश्न जरूर विचारा: गेल्या वर्षी, आणि त्याच्या आदल्या वर्षी, तुम्ही जे काम सुरू केले, त्याचे आज काय चालले आहे? उत्तरात गावाचे नाव, तिथे नियमित जाणाऱ्या सदस्याचे नाव आणि अडचणींचा मोकळा उल्लेख आला, तर त्या क्लबमध्ये तुमचा वेळ सत्कारणी लागेल. उत्तरात केवळ पुरस्कारांची यादी आली, तर दुसऱ्या क्लबची सभा पाहा. ठाण्यात आणि वाशी-नेरुळ-बेलापूरच्या पट्ट्यात पर्याय आहेत.

जाण्यासाठी योग्य काळ फेब्रुवारी ते एप्रिल. त्या सुमारास पुढच्या वर्षीच्या अध्यक्षांचे प्रशिक्षण होते आणि प्रकल्पांची आखणी सुरू असते, त्यामुळे कोणता बंधारा पुन्हा बांधायचा आणि मे महिन्यातले शिबिर कोणी घ्यायचे, या चर्चेत नव्या सदस्याचेही म्हणणे ऐकले जाते.