भाकरीचा भाव: ज्वारी ताटातून का गेली?

[दृश्य: मंगळवेढ्याचं काळं शिवार, कणसं धरलेला शाळू]

सोलापूर जिल्ह्यातलं मंगळवेढा. हिवाळ्यात इथं नजर जाईल तिथवर शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, उभा असतो. पाऊस सरल्यावर पेरायचा, आणि खोल काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवरच त्याला वाढवायचं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. इथल्या मालदांडी या गावरान ज्वारीतून निवडलेलं एम ३५-१ हे वाण तयार झालं तेही जवळच, मोहोळच्या संशोधन केंद्रात. रब्बी ज्वारीचं हे माहेरघर.

आणि याच भागातल्या कितीतरी घरांत आज रोजच्या जेवणाला चपाती असते.

असं का झालं, हे विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: लोकांची चव बदलली. नव्या पिढीला भाकरी आवडत नाही. हे उत्तर पूर्ण खोटं नाही. पण ते फार लवकर दिलं जातं, आणि त्यात लोकांवर थोडा अन्यायही होतो.

१९३८ साली पॉल सॅम्युएलसन या विशीतल्या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं एक साधा विचार मांडला. माणसाच्या मनात शिरून त्याची आवड मोजता येत नाही. पण त्यानं काय विकत घेतलं ते दिसतं, आणि तेवढ्याच पैशांत त्याला दुसरं काय घेता आलं असतं याचाही हिशेब करता येतो. दोन्ही गोष्टी आवाक्यात असताना त्यानं एक उचलली, तर ती त्याच्या आवडीची म्हणायची. दुसरी वस्तू आवाक्यातच नसेल, तर पहिली घेतली यावरून त्याच्या आवडीबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

म्हणून ताटातली चपाती बघण्याआधी बाजारातला भाव बघू.

[दृश्य: बाजार समितीत ज्वारीचे ढीग, हमालांची लगबग]

सरकार दरवर्षी पिकांचे हमीभाव जाहीर करतं. बाजारातला भाव त्याहून वर-खाली असतो, तरी दोन धान्यांमधलं नातं कसं बदललं ते या आकड्यांत चांगलं दिसतं. २००४-०५ च्या पिकासाठी ज्वारीचा हमीभाव होता क्विंटलला ५१५ रुपये, गव्हाचा ६४०. म्हणजे एक क्विंटल गव्हाच्या पैशांत जवळजवळ सव्वा क्विंटल ज्वारी येत होती. २०२४-२५ च्या पिकासाठी हायब्रीड ज्वारीचा हमीभाव झाला ३,३७१ रुपये, मालदांडीचा ३,४२१, आणि गव्हाचा २,४२५. त्या भावानं एक क्विंटल गव्हाच्या पैशांत ७२ किलो हायब्रीड ज्वारी आली.

वीस वर्षांत नातं पार उलटलं. गरिबाचं धान्य म्हणून जिची ओळख होती, ती ज्वारी गव्हापेक्षा महाग झाली.

घराचा खर्च ठरलेला असतो. ज्वारी जास्त घ्यायची तर गहू कमी घ्यावा लागतो, किंवा डाळ, तेल, शाळेची वही, दवाखाना यातून कुठेतरी कात्री लावावी लागते. या मर्यादेला अर्थशास्त्रात अंदाजपत्रक रेषा म्हणतात. एक किलो ज्वारीसाठी किती गहू सोडावा लागेल, ते या रेषेचा उतार सांगतो. आवड तीच राहिली आणि उतार बदलला, तरी निवड बदलते. सगळा विषय इथंच आहे, आणि चर्चेत नेमका हाच भाग गळतो.

[दृश्य: रेशन दुकानासमोरची रांग, पिशव्या, तराजू]

आता रेशनचं दुकान. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्याचा हक्क दिला. तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये, ज्वारी-बाजरीसारखं भरडधान्य १ रुपया किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झालं. ज्वारी कायद्यात आहे, पण दुकानात बहुतेक वेळा येतो तो गहू आणि तांदूळ.

पाच माणसांच्या घराला महिन्याला २५ किलो धान्य फुकट मिळतं. बाजारात त्याचा भाव ३० रुपये धरला, तर साडेसातशे रुपये वाचले. हा पैसा मोकळा होतो आणि घर जणू तेवढं श्रीमंत होतं. त्यातून दूध येतं, अंडी येतात, मोबाइलचं रिचार्ज होतं. २०११-१२ मध्ये देशातल्या ग्रामीण कुटुंबाच्या खर्चात तृणधान्यांचा वाटा सुमारे ११ टक्के होता. २०२२-२३ च्या पाहणीत तो ५ टक्क्यांच्या खाली आला. या आकड्यात मोफत धान्याची किंमत धरलेली नाही, पण घराच्या हिशेबात पैसा कुठून सुटला ते कळतं.

वाचलेल्या पैशांतून ज्वारी का नाही घेत? काही घरं घेतात. पण पिशवीभर गहू घरात असताना महाग ज्वारी आणायची, तर आधी तो गहू संपवावा लागेल किंवा विकावा लागेल. शून्य रुपयांच्या गव्हाशी ज्वारीची ही स्पर्धा आहे. चव त्यात फार मागच्या रांगेत बसते.

[दृश्य: चूल, काठवट, भाकरी थापणारे हात]

आणखी एक किंमत आहे, ती बाजार समितीच्या फळ्यावर लिहिलेली नसते. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. कणीक एकदा मळून ठेवली की पोळ्या लाटता येतात. भाकरीसाठी गरम पाण्यात पीठ मळायचं, प्रत्येक भाकरीचा गोळा पुन्हा मळायचा, मग हातानं थापायचा, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचं. पीठही ताजं लागतं. शिळ्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. म्हणजे गिरणीला हेलपाटेही जास्त.

अमेरिकी अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९६५ मध्ये दाखवून दिलं की वस्तूच्या खऱ्या किमतीत तिच्यावर जाणारा वेळही धरायला हवा. सकाळी सातला मजुरीच्या टेम्पोत बसायचं आहे, त्या बाईच्या पहाटेच्या अर्ध्या तासाला किंमत आहे. घरातली बाकीची माणसं ती किंमत मोजत नाहीत, कारण ती त्यांच्या खिशातून जात नाही. भाकरी हरवल्याची खंत करणारे बरेचसे आवाज, मला वाटतं, कधी चुलीसमोर न बसलेल्यांचे असतात.

आवडीचा वाटा नाहीच, असं नव्हे. जुन्या पिढीला चपाती सणावारी किंवा पाहुणा आला तरच मिळायची. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी लोकांनी रेशनवर घेऊन खाल्ली. ती बेचव भाकरी अनेकांच्या मनात टंचाईची खूण होऊन राहिली. हाती दोन पैसे आल्यावर त्यांनी गहू आणला, तेव्हा ज्वारी गव्हाहून स्वस्त होती. ती निवड खरंच आवडीची होती. सॅम्युएलसनच्या कसोटीला ती उतरते. आजची उतरत नाही.

[दृश्य: पुण्यातली खानावळ, पाटीवर जेवणाचे दर]

शहरात उलटं चित्र आहे. रक्तातली साखर तपासून आलेला नोकरदार खानावळीत चपातीपेक्षा जास्त पैसे मोजून भाकरी मागवतो. सोलापूरची कडक भाकरी पाकिटात भरून मुंबई-पुण्याला जाते. थापण्याचा वेळ तिथं दुसऱ्या कुणीतरी दिलेला असतो, आणि गिऱ्हाईक त्याचे पैसे देतं. दोन्ही धान्यं परवडत असताना त्यानं भाकरी घेतली, म्हणजे त्याच्या आवडीचा पुरावा मिळाला. सोलापूरच्या शेतमजूर बाईची आवड आपल्याला अजून कळलेलीच नाही, कारण तिच्यासमोर ते दोन पर्याय एका भावात कुणी ठेवलेच नाहीत.

२०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं. पोस्टर लागली, पाककृतींच्या स्पर्धा झाल्या. माझ्या मते, ज्वारी पिकवणाऱ्या जिल्ह्यांत रेशन दुकानात गव्हाच्या शेजारी ज्वारीचं पोतं कायम असावं, आणि पाचपैकी किती किलो कुठलं घ्यायचं ते कार्डधारकानं तिथंच सांगावं. गावात भाकरी थापून विकणाऱ्या बचत गटाला भांडवल मिळालं, तर वेळेची किंमतही उतरेल. मग दोन-तीन वर्षं त्या दुकानांतली विक्रीची नोंद बघावी. चव खरंच बदलली की नाही, ते तिथं कळेल.