लेबलची सुरुवात बियाण्याच्या पिशवीपासून

मित्रहो, बीटी, म्हणजे कीड मारणारं प्रथिन स्वतः बनवणाऱ्या, वांग्याला फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती मिळाली आणि डीएमएच-११ या जीएम (जनुकबदल केलेल्या) मोहरीवर जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. या बातम्यांमुळे पुष्कळांची समजूत झाली आहे, की जीएम पीक आपल्या ताटापर्यंत आलेलंच नाही. ते आलं आहे, आणि कापसातून आलं आहे.

बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. आज देशातल्या कापसाखालच्या क्षेत्रापैकी ९० टक्क्यांहून जास्त क्षेत्रावर तोच आहे. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की ढोबळमानाने ३४ किलो रुई निघते आणि तिच्या जवळजवळ दुप्पट सरकी. सरकी तेलगिरणीत जाते. तेल रिफाइन होऊन फरसाणाच्या कढईत आणि मिश्र खाद्यतेलात उतरतं, ढेप गोठ्यात जाते. पाकिटावर सरकीचं तेल असं लिहिलेलं असतं, ती सरकी जीएम कापसाची आहे हे मात्र कुठेच नसतं.

मग तेल प्रयोगशाळेत तपासा, असं कोणीही म्हणेल. अडचण नेमकी तिथेच आहे. पीसीआर चाचणी डीएनए शोधते. बाहेरून घातलेलं जनुक चालू करणारा ‘३५एस’ आणि त्याला थांबवणारा ‘नॉस’ हे तुकडे अनेक जीएम पिकांत असतात, म्हणून आधी त्यांचाच शोध घेतात. पण रिफायनिंगमध्ये आम्लं काढताना, विरंजन (रंग काढणाऱ्या) मातीतून तेल गाळताना आणि २०० अंश सेल्सिअसच्या वर वाफ सोडून वास घालवताना प्रथिनं आणि डीएनए जवळजवळ पूर्ण निघून जातात. शोधायला काही उरतच नाही. त्यामुळे रिफाइन्ड तेलातून बीटी प्रथिन पोटात जाईल ही भीती फारशी खरी नाही, आणि हे आपणच स्पष्ट सांगायला हवं. घाबरवून मागितलेलं लेबल टिकत नाही. आपण विकत घेतो ते कोणत्या पिकापासून आलं हे कळणं, एवढाच हक्क लेबल मागायला पुरेसा आहे.

युरोपीय संघाने म्हणूनच उगमावर बोट ठेवलं. तेलात डीएनए सापडो वा न सापडो, ते जीएम सोयाबीनचं असेल तर लेबलवर लिहावं लागतं. प्रत्येक खरेदीविक्रीत ही माहिती कागदावर पुढे द्यायची आणि पाच वर्षं जपायची. नकळत झालेल्या भेसळीला सूट ०.९ टक्क्यांपर्यंत. अमेरिकेने मर्यादा ५ टक्के ठेवली आणि ज्यात जनुकबदल ओळखता येत नाही अशा शुद्ध केलेल्या पदार्थांना वगळलं. म्हणजे तेल निसटलं. आपल्याकडे १ जानेवारी २०१३ पासून पाकिटावर ‘जीएम’ लिहिण्याचा नियम वजनमापांच्या कायद्याखाली आला, पण माल कुठून आला याचा माग ठेवण्याची व्यवस्था त्यामागे उभी राहिली नाही. पुढे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ आणि २०२२ मध्ये मसुदे काढले. त्यांत १ टक्क्याची मर्यादा सुचवली होती.

हा १ टक्का मोजायचा कसा, तेही बघा. लॉटमध्ये शंभरात एक दाणा जीएम असेल आणि तुम्ही ६० दाण्यांचा नमुना घेतला, तर एकही जीएम दाणा हाती न लागण्याची शक्यता ५५ टक्के आहे. ९५ टक्के खात्री हवी असेल तर किमान २९९ दाणे घ्यावे लागतात, तेही थप्पीतल्या वेगवेगळ्या पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून. एकाच पोत्यातली मूठ भरून पाठवली तर अहवाल कितीही देखणा असला तरी निरुपयोगी.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. ग्लायफोसेट हे तणनाशक सोसणाऱ्या एचटीबीटी कापसाला जीईएसीने, म्हणजे जीएम पिकांना मंजुरी देणाऱ्या केंद्रीय समितीने, व्यावसायिक लागवडीची परवानगी दिलेली नाही. तरी तो विदर्भात पेरला जातो. तण काढायच्या मजुरीने शेतकरी मेटाकुटीला येतो, हे त्याचं खरं कारण आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या पाकिटावर ना लॉट नंबर, ना उगवणशक्तीची हमी. सोबत बिलही नाही. पीक फसलं तर तक्रारीला आधारच उरत नाही. पीक एचटीबीटी आहे का, हे पानाचा तुकडा द्रावणात चुरून प्रथिन ओळखणारी पट्टी बुडवली की काही मिनिटांत कळतं: फक्त नियंत्रण रेघ (पट्टी नीट चालल्याची खूण) आली तर शोधलेलं प्रथिन आढळलं नाही, दोन्ही आल्या तर आहे, नियंत्रण रेघच आली नाही तर पट्टी बाद. मात्र बीटी प्रथिनाची पट्टी हे दाखवत नाही. तणनाशक सोसण्याच्या प्रथिनासाठी वेगळी पट्टी लागते, आणि नेमकी चुकीची पट्टी वापरली जाण्याचा धोका इथे असतो. वेचणीनंतर हा कापूस परवानगीच्या कापसाबरोबर एकाच ढिगात पडतो आणि सरकी एक होते. त्या सरकीची ढेप जनावरं खातात, आणि ढेपेत प्रथिन शिल्लक असतं. तिथून पुढे कोणताही गिरणीमालक प्रामाणिकपणे सांगू शकत नाही, की आपल्या मालात फक्त मंजूर वाण आहे.

म्हणून बियाण्याचं बिल, जिनिंगची लॉट नोंद आणि गिरणीची आवक वही, हे तीन कागद एकमेकांना जोडले जायला हवेत. देशातल्या सरकीसाठी याला वेळ लागेल, हे मान्य. पण आयात तेलाला ती सबब नाही. अर्जेंटिना आणि ब्राझीलमधलं सोयाबीन जवळजवळ सगळं जीएम आहे, तिथून येणाऱ्या जहाजाच्या कागदांवर मूळ देश लिहिलेला असतो, आणि मोहरीच्या निकालात मतभेद असूनही दोन्ही न्यायमूर्तींनी आयात जीएम तेलाला अन्न सुरक्षा कायद्याचं लेबलविषयक कलम २३ पाळायला सांगितलं आहे. बंदरावर हे सुरू करायला प्रयोगशाळेचीही गरज नाही.