त्या खुर्चीत तुम्ही असता तर?

मित्रहो,

१९३२ साल. रेमों आरों नावाचा २७ वर्षांचा फ्रेंच तरुण बर्लिनमध्ये तत्त्वज्ञानाचा अभ्यास करत होता. जर्मनीत काय शिजतंय ते तो रोज डोळ्यांनी पाहत होता. पॅरिसला आला तेव्हा कुणीतरी त्याची गाठ परराष्ट्र खात्याचे उपमंत्री जोसेफ पागानों यांच्याशी घालून दिली. तरुण भरभरून बोलला. जर्मन राष्ट्रवाद किती पेटलाय, हिटलर सत्तेवर आला तर युरोपवर काय ओढवेल, सगळं सांगितलं. पागानोंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘तुम्ही इतकं छान बोललात. आता सांगा, मंत्र्यांच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?’

हा तरुण पुढे फ्रान्समधला मोठा विचारवंत आणि पत्रकार झाला. पन्नास वर्षांनी आत्मचरित्रात आरों लिहितात, की आपण काय उत्तर दिलं ते आठवत नाही. चाचरतच काहीतरी बोललो असू, नाहीतर गप्पच बसलो असू. पण तो प्रश्न त्यांनी जन्मभर सोडला नाही. माझ्या मते आरोंचा सगळा उदारमतवाद त्या एका प्रश्नात आहे.

सत्तरच्या दशकात आपल्याकडे अस्तित्ववादाची केवढी चर्चा झाली! सार्त्र, काम्यू या फ्रेंच लेखकांची नावं आपल्या तोंडी बसली. सार्त्रच्याच वयाचा, एकाच संस्थेत त्यांच्याबरोबर शिकलेला हा मित्र मात्र मराठी वाचकापर्यंत फारसा पोचलाच नाही. मला ती आपली मोठी उणीव वाटते.

१० मे १९३३ ला बर्लिनमध्ये विद्यार्थ्यांनी पुस्तकांची होळी केली, तेव्हा आरों तिथे होते. सोबत गोलो मान हा मित्र होता, कादंबरीकार थॉमस मान यांचा मुलगा. त्याच्या काकांची, हाइनरिष मान यांची पुस्तकं त्या आगीत पडत होती. आरों स्वतः ज्यू. घरच्या संस्कारांनी प्रजासत्ताकवादी आणि तरुणपणी शांततावादी. त्या दोन-तीन वर्षांत त्यांचा शांततावाद गळून पडला. माणसं विवेकाने वागतील, वाटाघाटींनी सगळं मिटेल, ही समजूत त्यांनी तिथेच सोडली. जून १९३९ मध्ये, युद्धाला जेमतेम अडीच महिने उरले असताना, पॅरिसच्या तत्त्वज्ञान मंडळात ते म्हणाले, की खऱ्या अर्थाने क्रांतिकारक आहेत त्या हिटलरच्या राजवटीसारख्या, माणसाचं सगळं आयुष्य ताब्यात घेणाऱ्या सर्वंकष राजवटी; लोकशाहीकडे जपण्यासारखं काही आहे, आणि ते जपायचं तर धैर्य आणि शिस्त लोकशाहीवाद्यांनाही अंगी बाणवावी लागेल. जमलेल्या विद्वानांपैकी अनेकांना ते पचलं नाही.

पुढे लंडनमध्ये, १९४४ साली, त्यांनी नाझीवाद, साम्यवाद अशा विचारसरणींना नाव दिलं: इहलोकीचे धर्म. परलोकातला मोक्ष इथेच, पृथ्वीवर, उद्याच्या तारखेला मिळणार असं त्या सांगतात. त्यासाठी आज जे काही करावं लागेल ते सगळं आधीच माफ.

याच सूत्रातून १९५५ साली ‘बुद्धिवंतांची अफू’ हे पुस्तक आलं. धर्म ही अफू म्हणणाऱ्या मार्क्सचा शब्द त्यांनी मार्क्सवाद्यांनाच लावला. त्याच्या आदल्याच वर्षी सार्त्र रशियाहून परत येऊन सांगत होते, की तिथे टीकेचं पूर्ण स्वातंत्र्य आहे. हे विधान जगातल्या सर्वांत हुशार माणसांपैकी एकाने केलं होतं, आणि आरोंना नेमकं हेच छळत होतं. लोकशाहीतल्या बारीकसारीक चुकांवर तुटून पडणारी माणसं योग्य मंत्र उच्चारून केलेल्या प्रचंड गुन्ह्यांकडे इतक्या प्रेमाने का पाहतात?

त्या पुस्तकातला एक भेद मला फार मोलाचा वाटतो. कामगाराची मुक्ती दोन प्रकारची, असं आरों म्हणतात: एक प्रत्यक्षातली, दुसरी कल्पनेतली. पगार वाढला, कामाचे तास कमी झाले, युनियन करता आली, फोरमनपुढे मान ताठ ठेवता आली, ही प्रत्यक्षातली मुक्ती. ती तुकड्या-तुकड्यांनी येते, अपुरी असते, तिच्यावर कविता होत नाहीत. दुसरीत कारखाना ‘कामगारांच्या राज्याचा’ होतो. दारावरची पाटी बदलते. आत यंत्रापुढे उभा असलेला माणूस तोच, वरून येणारा हुकूम तसाच, आणि संप करायची सोय मात्र गेलेली, कारण स्वतःच्याच राज्याविरुद्ध संप कसा करणार? ही पाटी आणि हे यंत्र डोळ्यांपुढे ठेवा. टोकाची कुठलीही विचारसरणी, डावी असो वा उजवी, आपल्याला पाटीकडे पाहायला लावते. आरों आपल्याला यंत्रापाशी नेऊन उभं करतात.

आता अल्जेरियाबद्दल बोललंच पाहिजे. उत्तर आफ्रिकेतला हा देश तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होता आणि तिथे स्वातंत्र्यासाठी लढाई चालू होती. आरों तेव्हा ‘फिगारो’ या दैनिकात लिहीत होते. त्या पत्राचा वाचक उजवीकडचा, अल्जेरिया म्हणजे फ्रान्सच असं मानणारा. १९५७ साली आरोंनी एक छोटी पुस्तिका काढून सांगितलं, की अल्जेरिया स्वतंत्र होणार आणि फ्रान्सने ते मान्य करावं. लोकसंख्या कशी वाढतेय, तिला फ्रान्सच्या बरोबरीला आणायला किती खर्च येईल, हे त्यांनी मांडलं. उजवे खवळले, तो देशद्रोह वाटला त्यांना. डावेही नाराज झाले: हा माणूस न्यायाचं बोलत नाही, पैशाचं बोलतो, सैन्याकडून होणाऱ्या छळाबद्दल गप्प आहे.

डाव्यांचा हा आक्षेप मला आजही बोचतो, आणि मी तो झटकणार नाही. आरोंचं म्हणणं असं, की ज्यांना नीतीचा मुद्दा पटलाय त्यांना माझी गरज नाही. ज्यांना पटलेला नाही त्यांच्याशी मला बोलायचंय, आणि ते आकडे ऐकतात. हे खरं आहे. तरीही छळछावणीत पडलेल्या माणसासाठी एक वाक्य लिहायला हवं होतं, असं मला वाटतं. मात्र पागानोंच्या प्रश्नाला ते तिथे पुरेपूर उतरले. पाच वर्षांनी, १९६२ मध्ये, अल्जेरिया स्वतंत्र झाला आणि लाखो फ्रेंच रहिवासी हाताला लागेल ते घेऊन बोटीत चढले. त्यांना परत आणण्याचा, भरपाई देण्याचा विचार आरोंनी १९५७ मध्येच मांडला होता.

सार्त्रशी त्यांची मैत्री १९४७ मध्येच तुटली होती. जून १९७९ मध्ये व्हिएतनाममधून बोटींनी पळणाऱ्या निर्वासितांसाठी पॅरिसच्या ल्युतेसिया हॉटेलात पत्रकार परिषद झाली, तिथे दोघं पुन्हा भेटले. सार्त्रना जवळजवळ दिसत नव्हतं, कुणीतरी हाताला धरून आणलं होतं. आरोंनी त्यांचा हात हातात घेतला आणि विद्यार्थीदशेतल्या जुन्या लाडक्या संबोधनाने हाक मारली. विचारांचा समेट झाला नव्हता, तसा दावा आरोंनीही कधी केला नाही. पण बोटीतल्या माणसांसाठी दोघं एका टेबलाशी बसले.

१७ ऑक्टोबर १९८३ ला आरों पॅरिसच्या न्यायालयात साक्षीला गेले. ‘फ्रान्समधला फॅसिझम’ या विषयावरच्या एका पुस्तकात लेखक बेर्त्रां द जुव्हनेल यांच्यावर ठपका होता आणि जुव्हनेलनी खटला भरला होता. जुव्हनेल काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. १९३० च्या दशकात ते एका फॅसिस्ट वळणाच्या पक्षात होते, हिटलरची मुलाखतही त्यांनी घेतली होती. आरोंचं म्हणणं एवढंच, की माणसाला त्याच्या काळातून उपटून काढून सरसकट शिक्का मारू नये. पुस्तकांची होळी ज्याने स्वतः पाहिली होती, तो ७८ व्या वर्षी, आजारी हृदय घेऊन, ‘फॅसिस्ट’ हा शब्द जपून वापरा असं सांगायला पिंजऱ्यात उभा राहिला. साक्ष संपवून बाहेर आले, गाडीत बसले, आणि तिथेच त्यांचं हृदय थांबलं.